कोल्बीचे अकरा तास

सोमवार, १८ ऑगस्ट

ही वही शाळेने दिली. पुढच्या पानांवर 'माझा चार वर्षांचा आराखडा' लिहायचा आणि तो शाळेच्या सल्लागार पेल्की मॅडम तपासणार. मागची पानं कुणी उघडूनही बघत नाही, असं माझी मैत्रीण डेलानी म्हणाली. तिची बहीण अकरावीत आहे, म्हणजे माहिती पक्की. म्हणून मी मागून सुरुवात केली आहे.

आज नववीचा पहिला दिवस. मला आपलं वाटत होतं की चार वर्षं गपगुमान बसलं की शाळा कंटाळून आपल्याला सोडून देते. तसं नाही. बावीस क्रेडिटं लागतात. इंग्रजीची चार, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राची तीन तीन, कला एक, कसरत एक, आरोग्य अर्धं, उरलेली आपल्या आवडीची. आणि कुठेतरी नव्वद तास काम करून मालकाची सही आणली की त्याचं अर्धं. आमच्याकडे बहुतेक सगळे ते बटाटेकाढणीच्या सुट्टीतच उरकतात. न कळवता चार दिवस गैरहजर राहिलं तर त्या सहामाहीचं सगळं पाण्यात. पेल्की मॅडमनी हे तासभर समजावलं आणि शेवटी विचारलं, "काही शंका?" डेलानीने विचारलं, जेवणाची सुट्टी किती वाजता.

प्रत्येकाला नाव घेऊन आराखड्याचा कागद दिला. माझ्या आधी माझ्याच आडनावाचा, 'थिबोडो', आणखी एक कागद होता. मॅडमनी तो उलटा करून गठ्ठ्याच्या तळाशी घातला आणि मग माझा दिला. त्यांचे कान लाल झाले होते.

सव्वासहाला घरचा फोन वाजला. आईने घेतला, ऐकला, थोड्या वेळाने ठेवला. मी विचारलं कोण, तर म्हणाली, "शाळा." मी म्हटलं, पहिल्याच दिवशी मी काय केलं? ती म्हणाली, "तू नाही."

गुरुवार, २१ ऑगस्ट

आता कळलं.

सकाळचा हजेरीवर्ग डूसेट सरांचा. आमच्या शाळेत भावंडांना एकाच हजेरीवर्गात घालतात, म्हणजे सरांना घर माहीत असतं. माझ्या भावाचे, कोल्बीचे, सर तेच माझे. आज सरांची दाढ काढायची होती, म्हणून बदली बाई आल्या, दुसऱ्या गावच्या. त्यांनी पडद्यावर बघून नावं घेतली.

"कोल्बी थिबोडो?"

कुणी हललंसुद्धा नाही.

"कोल्बी थिबोडो आहे का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नाही आला."

बाईंनी खूण केली. "मार्नी थिबोडो?" मी हजर म्हटलं. बाई हसल्या. "भाऊ का तुझा? बरं नाही का त्याला?" मी म्हटलं, "नाही." याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे.

मी तासानंतर पडद्यावर डोकावले. यादीत तो माझ्या वरच आहे. बारावी, दुसऱ्यांदा. डूसेट सर रोज त्याची चौकट कोरी सोडत असणार, आणि कोरी चौकट म्हणजे गैरहजर असं समजून शाळेचं यंत्र आपोआप घरी फोन करतं. म्हणूनच सव्वासहाचा फोन.

आज मी स्वयंपाकघरातल्या जोडफोनवरून ऐकला. बाईचा आवाज, पण बाई नाही. "तुमचा पाल्य," मग थांबून, "कोल्-बी," मग पुन्हा थांबून, "आज एक किंवा अधिक तासांना गैरहजर होता. पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा." नाव दुसऱ्या कुठूनतरी कापून आणून चिकटवल्यासारखं येतं.

आईने एक दाबलं. तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल. टीव्ही चालू होता.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणिताचं पुस्तक मिळालं. आतल्या कव्हरवर आधी कुणाकुणाकडे होतं त्याचे रकाने असतात, नाव, वर्ष, पुस्तकाची अवस्था. वरून चौथा कोल्बी. अवस्था: बरी. मी पुस्तक बदलून मागू शकले असते. नाही मागितलं. खाली माझं नाव लिहिलं आणि अवस्थेच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून मीही 'बरी' लिहिलं.

फोन रोज येतो. आई पावणेसहापासून पुढच्या खोलीतच असते. तिला किती त्रास होत असेल, आणि शाळेला पत्ता नाही. पूर्वी ती या वेळेला रात्रपाळीच्या तयारीत असायची, आता निघायला सात वाजतात.

शनिवार, ३० ऑगस्ट

बाबा आले. ते लाकडाचा ट्रक चालवतात, आठवडाभर बाहेर असतात. आईने प्लॉय केली, म्हणजे कुट्टूच्या पिठाची घावनं, त्यावर लोणी. तिघांच्या जेवणाला चौथी ताटली आता ती मांडत नाही. उन्हाळ्यापर्यंत चुकून मांडायची.

मी बाबांना फोनचं सांगितलं. ते बराच वेळ लोणी फासत राहिले. मग आईला म्हणाले, "जोलीन, तो घरचा फोन काढूनच टाकू या ना. मोबाइल आहेत की सगळ्यांकडे."

"इथे रेंज कुठे असते?" आई म्हणाली.

"खिडकीत येते."

"त्या फोनला हात लावायचा नाही, रॉजर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटलीत. आजीला मोबाइलवर बोलणं जमत नाही, म्हणून आईला तो फोन हवा असतो. पण हे ती नीट बोलून सांगू शकली असती.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पेल्की मॅडमकडे गेले. सरळ सांगितलं की ते फोन बंद करा.

त्यांनी दार लावलं. म्हणाल्या, "मार्नी, मला किती वाईट वाटतंय तुला सांगू?" मी म्हटलं, नको. मग त्या कामाचं बोलल्या. ज्याची क्रेडिटं पुरी नाहीत त्याला यंत्र विसाव्या वर्षापर्यंत दर ऑगस्टला पुन्हा पटावर घेतं. मागच्या वर्षी फोनच्या यादीतून त्याचं नाव हाताने वगळता आलं होतं, या नव्या यंत्रात ते होत नाही. नाव काढायचे दोनच रस्ते. एक, पालकांनी नाव काढण्याच्या कागदावर सही करायची आणि सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा. तो कागद त्यांनी आईला तीनदा पाठवला. एकदा स्वतः नेऊन दिला, आईने कॉफी पाजली, कागद घेतला, आणि पुढे काहीच नाही.

"मी तिच्या मागे नाही लागू शकत. आम्ही एका वर्गात होतो गं."

आईचं टपालाकडे लक्षच नसतं. फ्रिजवर ढीग पडलेला असतो.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा म्हणजे क्रेडिटं पुरी असणं. मग तो उत्तीर्ण होऊन पटावरून जातो." त्यांनी पडद्यावर त्याचं पान उघडलं. मला दिसू नये म्हणून वळवणार होत्या, पण वळवलं नाही. साडेएकवीस. इंग्रजी, गणित, सगळं भरलेलं; बारावीचे विषयही त्याने उन्हाळी वर्गांत आधीच उरकले होते. आरोग्यात तर त्याला चांगले गुण होते, आणि घरी पंधरा पंधरा दिवस एकच टोपी घालायचा. राहिलं फक्त कामाचं अर्धं. नव्वदपैकी एकोणऐंशी तास. काढणीच्या तिसऱ्या आठवड्याच्या रकान्यात काही नाही.

अकरा तास.

बुधवार, १० सप्टेंबर

पाच दिवस डोक्यात तेच. आईला सही करता येत नाही, हे दिसतंच आहे. मग दुसरा रस्ता. तास पुरे झाले की फोन बंद होतील, वर त्याचं प्रमाणपत्र येईल, आणि आईला जूनमध्ये निरोपसमारंभात दुसऱ्यांच्या मुलांचे टोप्या उडवतानाचे फोटो बघताना आपल्याकडेही काहीतरी आहे असं वाटेल. मागच्या जूनमध्ये ती तीन दिवस खोलीतून बाहेर आली नव्हती.

शुक्रवारी शाळा काढणीसाठी तीन आठवडे बंद होतेय. मी एल्डनकाकांना फोन केला, खिडकीत उभी राहून. एल्डन हॅफर्ड, म्हणजे ज्यांच्याकडे कोल्बी कामाला होता ते. मी म्हटलं, मला काम पाहिजे.

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"हो," मी म्हटलं. नव्हतं. डेलानीकडे जाते असं सांगणार आहे.

"ट्रकवर नाही बसवणार तुला. बटाटाघरात पट्ट्यावर उभी राहा. सोमवारी ये."

मंगळवार, १६ सप्टेंबर

पट्ट्यावरून बटाटे येतात, आपण दगड, ढेकळं आणि सडके वेचून फेकायचे. पहिल्या तासात गंमत वाटते. सडका बटाटा हातात फुटला की ती गंमत जाते. केस धुतले तरी वास जात नाही.

इथल्या सगळ्यांना मी कुणाची कोण ते माहीत आहे. कुणी बोलत नाही, पण मी आले की रेडिओ कमी करतात. शेजारची नॉर्मा एकदम म्हणाली, "तो गायचा गं इथे. भिकार गायचा." आणि पुढची दहा मिनिटं मला सारखं वाटत होतं की पट्ट्याच्या घरघरीखाली कुणीतरी गातंय. मी दोनदा मागे वळून बघितलं. नॉर्मानेही एकदा बघितलं.

दुपारी एल्डनकाकांना त्यांच्या खोलीत गाठलं. पेल्की मॅडमकडून मागून घेतलेला कामाच्या तासांचा कागद पुढे ठेवला, वर नाव त्याचं. सगळं सांगितलं. माझे तास त्याच्या नावावर लिहा, अकरा फक्त, पुढचे माझ्या नावावर नाही लिहिले तरी चालतील.

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं आता हाकलतील.

"अकरा नाहीत," ते म्हणाले. "सात. त्या दिवशीचे चार मी लिहिलेच नव्हते. पाचला आला होता तो. नऊपर्यंत." त्यांनी पेन शोधलं, समोरच होतं तरी सापडेना. मग तारीख लिहिली, १ ऑक्टोबर, आणि पुढे चार. "लिहायला बसलो होतो त्या आठवड्यात. हातच चालला नाही."

मी थँक यू म्हटलं. त्यांनी मान वळवून घेतली.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सात तास गेल्या आठवड्यातच पुरे झाले. काकांनी सही केली. तरी मी जातेय, आता स्वतःसाठी.

सुट्टीत फोन येत नाहीत, म्हणजे आईला तीन आठवडे शांतता. पण तिचं काहीतरी बिनसलंय. सव्वासहाला ती रिसीव्हर उचलते, कानाला लावते, ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, "चालू आहे का बघितलं." आज तिने तीनदा बघितलं. केस विंचरलेले नव्हते. माझ्या अंगाला सडक्या बटाट्यांचा वास येतोय हे तिला एकदाही आलेलं नाही लक्षात. माझ्या पथ्यावरच पडलं म्हणा.

बुधवार, १ ऑक्टोबर

वर्ष झालं.

कामावर गेले नाही. बाबा ट्रक सोडून आले. तिघं दफनभूमीत गेलो, वारा होता, कुणी फार थांबलं नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि ती आज लिहायचीच. त्या दिवशी पहाटे त्याने माझं दार वाजवलं होतं. "मार्ने, ऊठ. चल ना माझ्याबरोबर. गाडीत कुणी बडबडायला नसलं की माझे डोळे मिटतात." मी उशी डोक्यावर घेतली. तो म्हणाला, "जा मर, झोपाळू." आणि हसत गेला. नऊ वाजता तो चालवत असलेला भरलेला ट्रक शेताच्या कडेच्या चरात उलटला. ब्रेकच्या खुणाच नव्हत्या रस्त्यावर, असं मोठी माणसं बोलताना मी ऐकलं.

तेव्हापासून सकाळी कुणीही कुठलंही दार वाजवलं की मी ताडकन उठते. मी बडबड करायला हवी होती. मला येते बडबड करता, सगळे म्हणतात.

सोमवार, ६ ऑक्टोबर

शाळा सुरू. पेल्की मॅडमना कागद दिला. त्यांनी वाचला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, १ ऑक्टोबर, मागचं वर्ष. मग खालच्या ओळींवर, १६ सप्टेंबर, १७ सप्टेंबर, हे वर्ष. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले.

"एल्डनने सही केली आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मालकाची सही असेल तर मला खोलात शिरायचं कारण नाही." त्यांनी शिक्का मारला, पडद्यावर आकडा घातला. साडेएकवीसचे बावीस झाले. त्याच्या नावाची ओळ लाल होती ती हिरवी झाली आणि पुढे आलं, 'अटी पूर्ण'. आम्ही दोघी रडलो. मला इतकं हलकं वाटलं की जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले.

सव्वासहाला फोन आला नाही. मी आईकडे बघून हसले. ती बघत नव्हती.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

टपालाने मोठा जाड लिफाफा आला, 'वाकवू नये' लिहिलेला. आईने हातात घेऊन बघितला आणि फ्रिजवर ठेवला, बाकीच्या ढिगावर. मी म्हटलं, "उघड ना." ती म्हणाली, "काय ते मला माहीत आहे." आणि मग, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, शाळेने केलं असेल.

आज हजेरीत डूसेट सरांनी माझं नाव घेतलं आणि वरची ओळ नव्हतीच. सर क्षणभर अडखळले. चार वर्षांची सवय त्यांना, आणि वर हे दोन महिने.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आई पावणेसहापासून फोनजवळ बसते. वाजत नाही. साडेसहापर्यंत बसते. काल ती कामावर गेलीच नाही. आज मी जिन्यात उभी होते, तेव्हा तिने शाळेचा नंबर फिरवला. त्या वेळेला तिकडे कुणी नसतं, नुसतं यंत्र. ती कुजबुजली, "आज आला नाही का तो? आला नाही ना?" आणि ऐकत राहिली. पलीकडून शाळेची वेळ सांगत होते.

मी हे काय करून बसले?

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज मी शाळेत गेले नाही. बस आली, मी झाडामागे थांबले, बस गेली. दिवसभर हॅफर्डांच्या रिकाम्या शेताच्या बांधावर बसून होते. जमीन आता गोठायला लागली आहे, बूड गार पडलं. मला न कळवता चार दिवस गैरहजर राहता येत नाही, म्हणजे तीन माझ्या हातात होते. तीन संध्याकाळी फोन वाजेल. पुढचं पुढे बघू, असा विचार केला होता.

नेहमीच्या वेळी घरी आले. आईने वर बघितलं नाही. सव्वासहाला फोन वाजला.

आई इतक्या जोरात उठली की खुर्ची पडली. मी दारातच होते, मला तिचा चेहरा दिसत होता. तो उजळला. खरंच उजळला, वर्षभरात तसा मी बघितला नव्हता. मग रिसीव्हरमधून तो आवाज आला, "तुमचा पाल्य," मग थांबून, "मार्-नी," आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने एक दाबलं नाही. रिसीव्हर लोंबकळत सोडला आणि माझे दोन्ही खांदे धरले, इतके घट्ट की अजून दुखतायत.

"कुठे होतीस? कुठे होतीस तू दिवसभर?"

वर्षभरात तिने मला हे विचारलेलं नव्हतं. मला रडूच फुटलं. मग सगळं बाहेर आलं, पट्टा, सात तास, काकांचे चार, शिक्का. उशीचंही. ते सांगायचं नव्हतं, पण तेही आलं.

आई जमिनीवर बसली, पडलेल्या खुर्चीशेजारी. मी फोन जागेवर ठेवला आणि तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "मी सही मुद्दामच केली नव्हती गं. मला वाटायचं, माझ्याशिवाय अजून कुणीतरी रोज त्याची वाट बघतंय. तो नाही आला हे रोज कुणाच्यातरी लक्षात येतंय."

"मी परत जाऊन सांगू का मॅडमना? तास खोटे होते म्हणून?"

तिने विचार केला. ती खरोखर विचार करत होती, मला दिसत होतं, आणि मला भीती वाटली की ती हो म्हणेल.

"नको," ती म्हणाली. मग माझं डोकं ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "झोपलेली होतीस तू. तेरा वर्षांची होतीस आणि झोपलेली होतीस. मीसुद्धा झोपलेली होते." आणि मग, "उद्या शाळेत जा. तुझ्या नावाचा फोन मला नकोय. कधीच नकोय."

बुधवार, २२ ऑक्टोबर

सगळ्या तासांना बसले. गणितात नापास होण्याची चिन्हं आहेत, ते क्रेडिट बुडालं तर उन्हाळ्यात भरून काढावं लागेल.

तीनला बस आमच्या वळणावर आली, तर रस्त्याच्या कडेला आई उभी. अंगात कोट, पायात घरातल्या सपाता. कधीपासून उभी होती कोण जाणे, नाक लाल झालं होतं. मी उतरले. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, बसच्या पायऱ्यांकडे. ड्रायव्हरही थांबला, दार उघडं ठेवून. उतरणारं दुसरं कुणी नव्हतं. दार बंद झालं, बस गेली, तोपर्यंत ती बघत होती.

मग तिने माझं दप्तर घेतलं आणि विचारलं, "आज काय काय झालं, सांग." मी सांगायला लागले. घर येईपर्यंत मी तोंड मिटलं नाही.